रोज राबणारी बॅटरी सात वर्षं टिकली, नुसती बसलेली अडीच वर्षांत गेली. असं का?

ओसरी | ९ मे, सकाळी १०:४०

नमस्कार. तीन बॅटऱ्या भंगारात गेल्यावर हा प्रश्न विचारते आहे.

२००९ साली आमच्या गावी, वरोरा तालुक्यात, बाबांनी इन्व्हर्टर घेतला. तेव्हाचं लोडशेडिंग अनेकांना आठवत असेल. सकाळी काही तास, संध्याकाळी काही तास, उन्हाळ्यात तर रात्रीसुद्धा. १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्युब्युलर, म्हणजे नळीच्या प्लेटांची, बॅटरी होती. पहिली तीन-चार वर्षं ती रोज उतरायची आणि रोज चढायची. ती २०१६ पर्यंत चालली.

त्याच वर्षी मी चंद्रपूरला फ्लॅटमध्ये आले. इथे लाईट महिन्यातून दोन-तीनदा जाते, तीही अर्धा-पाऊण तास. म्हणजे बॅटरीला काम जवळजवळ नाहीच. तरी एकही बॅटरी तीन वर्षांच्या पुढे गेली नाही. चौथी चालू आहे आणि तीही आता दोन पंखे, तीन दिवे वीस मिनिटांत टाकून देते. दुकानदार म्हणतो, "आता लिथियम घ्या, कटकट संपेल." पैसे घालायची तयारी आहे, पण आधी कारण समजून घ्यायचं आहे. जिला काम होतं ती टिकली आणि जिला आराम आहे ती मरते, हे कसं?

---

जुना मिस्त्री | ९ मे, दुपारी १:०५

ताई, छत्तीस वर्षं सांगलीत बॅटरीचं काम केलं. लिथियमचं नंतर बघू, आधी चार गोष्टी सांगा.

बॅटरी ठेवली कुठे आहे? पाणी कुठलं घालता? इन्व्हर्टरच्या मागे एक छोटा स्विच असतो, ट्युब्युलर / फ्लॅट प्लेट / एसएमएफ (सीलबंद बॅटरी) असं लिहिलेलं, तो कुठे आहे? आणि हायड्रोमीटरने ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडचा दाटपणा, कधी बघितली का? सहाही सेलची बघायची, एकाची नाही.

---

ओसरी | ९ मे, रात्री ९:२०

काका, आत्ताच सगळं बघून आले.

बॅटरी पश्चिमेच्या बाल्कनीत, पावसापासून वाचावी म्हणून पत्र्याच्या पेटीत आहे. दुपारी पेटीला हात लावला तर चटका बसतो. पाणी घरच्या आरओचं घालतो, कारण शेजाऱ्यांनी सांगितलं की ते शुद्धच असतं. स्विच एसएमएफवर आहे. तो कुणी आणि कधी केला, माहीत नाही. हायड्रोमीटर घरात नाही.

---

जुना मिस्त्री | १० मे, सकाळी ७:३०

तुमच्या प्रश्नाचं उत्तर या चार ओळींतच आहे. सविस्तर लिहितो, इतरांनाही उपयोग होईल.

पहिलं ऊन. शिसं-ॲसिड बॅटरीचा आमच्या धंद्यातला ढोबळ नियम असा: २५ अंशांच्या वर दर १० अंशांना आयुष्य निम्मं. २५ ला पाच वर्षं जाणारी ३५ ला अडीच जाईल. तुमच्याकडे बाहेरच ४५-४६ असतं, पत्र्याच्या पेटीत त्याहून जास्त. एकट्या त्या पेटीने तुमच्या तीन बॅटऱ्या खाल्ल्या असंही म्हणता येईल.

दुसरं म्हणजे बसून राहणं. लाईट जात नाही म्हणजे बॅटरीला आराम आहे असं लोकांना वाटतं. तसं नसतं. इन्व्हर्टर तिला चोवीस तास फ्लोटवर, म्हणजे भरलेली राहावी म्हणून हलक्या चार्जिंगवर, धरून ठेवतो, साधारण १३.५ ते १३.८ व्होल्टला. थंड जागी हे ठीक आहे. उन्हात तोच व्होल्टेज तिला जास्त होतो. दर अंशाला अंदाजे २० मिलिव्होल्ट कमी करायला हवा, म्हणजे ४५ अंशांवर जवळपास ०.४ व्होल्ट कमी. घरगुती इन्व्हर्टरला बहुधा तापमान कळतच नाही. मग पाणी उडत राहतं आणि पॉझिटिव्ह प्लेटची जाळी आतून गंजत जाते. दिवे एकदाही न लावता बॅटरी झिजते, ती अशी.

आणि ॲसिड जड असतं. हालचाल नसेल तर ते खाली बसतं. वर पातळ, खाली दाट. खालच्या भागात प्लेटांवर सल्फेट धरतं आणि कडक होतं. तुमच्या बाबांची बॅटरी रोज चढायची तेव्हा चार्जिंगच्या शेवटी बुडबुडे सुटून ॲसिड ढवळलं जायचं. ते रोजचं काम तिच्या पथ्यावर पडलं. गावी ती ओसरीवर असणार, सावलीत. खरं की नाही?

तिसरं पाणी. आरओच्या पाण्यात क्षार उरलेले असतात, ते चवीसाठीच ठेवलेले असतात. त्यातलं क्लोराइड आणि लोह प्लेटांना लागतं. डिस्टिल्ड वॉटरच घ्या. एसीतून गळणारं पाणीसुद्धा नको, त्यात कॉइलची धूळ आणि धातू उतरतात.

चौथं, स्विच. एसएमएफवर असेल तर बूस्टचा, म्हणजे पूर्ण भरण्यासाठी लागणारा, व्होल्टेज कमी मिळतो आणि ट्युब्युलर कधी पूर्ण भरतच नाही. एकीकडे उन्हाने जास्त चार्ज झाल्यासारखी झीज, दुसरीकडे अर्धपोटी. दोन्ही दुखणी एकाच बॅटरीला.

हायड्रोमीटर आणा. स्वस्त असतो. पूर्ण चार्ज ट्युब्युलरला १२४० च्या आसपास दाखवायला हवा.

---

ओसरी | १० मे, सकाळी ८:१५

ओसरीवरच होती, काका. शेणाने सारवलेल्या जमिनीवर, लाकडी पाटावर. माझं इथलं नाव त्याच ओसरीवरून घेतलं आहे. बाबा दर पंधरा दिवसांनी टॉर्च घेऊन पाणी बघायचे. ते गेल्यावर ही शिस्त घरातून गेली, हे आज तुमचं वाचताना लक्षात आलं.

---

इलेक्ट्रोड | १० मे, दुपारी १२:५०

मिस्त्रीकाकांचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. मी पुण्यात लिथियम पॅकच्या बीएमएसवर, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवर, काम करतो, म्हणून दुसरी बाजू लिहितो. लिथियम घेतलं की कटकट संपते हे अर्धसत्य आहे. पत्र्याची पेटी तिथेच राहिली तर तेही सुटणार नाही.

इन्व्हर्टरसाठी जे लिथियम विकतात ते बहुतेक लिथियम आयर्न फॉस्फेट असतं. फोनमध्ये बहुतेक कोबाल्टवालं आणि बऱ्याच गाड्यांमध्ये निकेल-कोबाल्टवालं असतं. फॉस्फेटचा सेल ३.२ व्होल्टचा, जड, पण स्वभावाने शांत. दोन-तीन हजार सायकल, म्हणजे पूर्ण चढण्या-उतरण्याच्या फेऱ्या, सहज देतो. हे रसायन १९९७ साली टेक्सास विद्यापीठातल्या जॉन गुडइनफ यांच्या गटाने जगापुढे मांडलं. त्या शोधनिबंधावर पहिली दोन नावं पाधी आणि नंजुंडस्वामी अशी आहेत, हे मला नेहमी आवर्जून सांगावंसं वाटतं. गुडइनफ यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं तेव्हा ते ९७ वर्षांचे होते.

आता मुद्दा. लिथियम बॅटरी दोन प्रकारे म्हातारी होते. एक वापराने आणि दुसरी नुसत्या काळाने. दुसऱ्या प्रकाराकडे आपलं लक्षच नसतं. ग्राफाइटच्या पृष्ठभागावर एक पातळ थर असतो. तो संरक्षण करतो, पण हळूहळू जाड होतो आणि जाड होताना लिथियम गिळतो. बॅटरी जितकी भरलेली आणि जितकी गरम, तितका तो भराभर वाढतो. कोबाल्टवाल्या सेलचे सर्वांना माहीत असलेले ढोबळ आकडे असे: ४० टक्के भरून २५ अंशांवर ठेवली तर वर्षानंतर ९६ टक्के क्षमता उरते. १०० टक्के भरून ४० अंशांवर ठेवली तर ६५. तिने एकदाही काम केलेलं नसताना.

म्हणजे ओसरीताईंचा प्रश्न लिथियमलाही तसाच लागू आहे. बसून मरणं हे दोघींचंही दुखणं, फक्त रसायन वेगळं.

आणखी एक. बऱ्याच फॉस्फेट पॅकना चार्जिंगची मर्यादा ४५ अंशांपर्यंत दिलेली असते. मे महिन्यात त्या पेटीत ठेवलीत तर बीएमएस दुपारभर चार्जिंगच बंद ठेवेल. ती सुरक्षाच आहे, पण तुम्ही "नवी बॅटरी चार्ज होत नाही" म्हणून दुकानदाराकडे जाल.

---

मरूभूमीतला | १० मे, रात्री ११:३०

फिनिक्स, ॲरिझोना इथून लिहितोय. मूळचा अकोल्याचा, त्यामुळे दोन्हीकडचं ऊन अंगावर घेतलं आहे. इथे २०१२ मध्ये निसान लीफ या विजेवरच्या गाडीचं प्रकरण खूप गाजलं. बॅटरीला द्रवाने थंड करायची सोय नव्हती, फक्त हवेवर भिस्त. थंड प्रदेशात त्याच गाड्या ठीक चालत होत्या, आणि इथे दोन उन्हाळ्यांत लोकांच्या डॅशबोर्डवरच्या क्षमतेच्या पट्ट्या गळायला लागल्या. गाडी तीच, बॅटरी तीच, फरक हवेचा. आज बहुतेक कंपन्या पॅकमधून द्रव फिरवतात, त्यामागे असे अनुभव आहेत.

आपल्याकडे विजेची दुचाकी विकताना याबद्दल कुणी बोलतं का? माझा भाचा अकोल्यात स्कूटर दिवसभर ऑफिसबाहेर उन्हात लावतो आणि घरी आल्या-आल्या चार्जिंगला जोडतो.

---

रोजचे चाळीस | ११ मे, सकाळी ६:५०

@मरूभूमीतला, नाशिकला तीन वर्षं स्कूटर चालवतो, रोज ४० किमी. घरी आल्यावर तासभर सावलीत थंड होऊ देतो, मग लावतो. तीन वर्षांत रेंज १०-११ टक्के कमी झाली आहे. मला हे चांगलं वाटतं.

२०२२ च्या उन्हाळ्यात स्कूटर पेटल्याच्या बातम्या सतत येत होत्या तेव्हा घरचे घाबरले होते. त्यानंतर एआयएस-१५६ चे, म्हणजे विजेच्या दुचाकींच्या बॅटरी सुरक्षेचे, नियम कडक झाले, त्या वर्षाच्या डिसेंबरपासून आणि पुढे मार्च २०२३ अखेरपासून अशा दोन टप्प्यांत. मी त्यानंतरची गाडी मुद्दाम थांबून घेतली.

मला एक विचारायचं आहे. फोन २० ते ८० टक्क्यांमध्येच ठेवा असं ऐकतो. स्कूटरवाले मात्र सांगतात आठवड्यातून एकदा पूर्ण १०० करा. कुणाचं खरं?

---

इलेक्ट्रोड | ११ मे, सकाळी ९:१५

दोघांचंही, कारण पोटातलं रसायन वेगळं. फॉस्फेटच्या सेलचा व्होल्टेज २० पासून ९० टक्क्यांपर्यंत जवळजवळ सपाट असतो. बीएमएसला नेमकं किती भरलं आहे ते मधल्या पट्ट्यात कळतच नाही. १०० ला पोहोचल्यावर आकडा जुळतो आणि सेल एकमेकांशी समपातळीत येतात. म्हणून अधूनमधून पूर्ण भरायची, पण भरून दोन दिवस उभी ठेवायची नाही. भरली की निघा. निकेलवाल्या पॅकला आणि फोनला रोज ८० पुरेसं.

सायकल म्हणजे किती वेळा प्लग लावला ते नव्हे. ५० टक्के दोनदा वापरलं तर एक सायकल. त्यामुळे "पूर्ण संपल्याशिवाय लावू नको" हा निकेल-कॅडमियमच्या काळातला सल्ला आता सोडून द्या. लिथियमला उथळ वापर मानवतो.

उथळ वापर किती मानवतो याचं माझं आवडतं उदाहरण लिथियमचं नाही, निकेल-हायड्रोजनचं आहे. हबल दुर्बीण १९९० मध्ये वर गेली. पृथ्वीला सुमारे ९५ मिनिटांत एक फेरी, प्रत्येक फेरीत थोडा वेळ सावली, तेवढ्यात बॅटरीवर काम. दिवसाला १५ सायकल. त्या बॅटऱ्या २००९ च्या मे महिन्यात अंतराळवीरांनी बदलल्या, १९ वर्षांनी. गुणाकार करून पाहा, लाखाच्या वर सायकल होतात. दरवेळी अगदी थोडी उतरवायची आणि तापमान सांभाळायचं, हे दोनच नियम १९ वर्षं पाळले गेले.

---

पऱ्हाटी | ११ मे, रात्री ८:४०

यवतमाळ जिल्ह्यातून. इथे शेतकऱ्याच्या बॅटरीबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

फवारणीचा बॅटरी पंप. १२ व्होल्ट, ८ एएच, आत सीलबंद शिशाची बॅटरी. पऱ्हाटीवर (कपाशीवर) फवारणी जुलै ते ऑक्टोबर. मग पंप धुवायचा आणि कोठ्यात टांगायचा. पुढच्या जुलैत काढला की दोन टाक्यांत पंप दम टाकते. दरवर्षी गावात दहा-वीस बॅटऱ्या अशा जातात आणि सगळे म्हणतात माल खराब आहे. मीपण तेच म्हणत होतो. आता मिस्त्रीकाकांचं वाचून समजलं काऊन असं होते. शेवटच्या फवारणीला उतरलेली बॅटरी आपण तशीच टांगतो, ती आठ महिने उपाशी राहते.

काका, मग टांगायच्या आधी काय करावं?

---

जुना मिस्त्री | १२ मे, सकाळी ७:१०

दादा, बरोबर ओळखलंत. पूर्ण चार्ज करून टांगा, वायर काढून ठेवा, आणि दर दोन महिन्यांनी एक रात्र चार्जिंगला लावा. कॅलेंडरवर खूण करा. शिशाची बॅटरी भरलेली ठेवायची, लिथियमची अर्धी भरलेली. नवे पंप काही लिथियमचे येतात, त्यामुळे आधी आत काय आहे ते बघा. हा फरक कुणी पुड्यावर छापत नाही, तो छापायला पाहिजे. माझ्या दुकानात आलेल्या दहातल्या सहा-सात बॅटऱ्या झिजून नाही, उपाशी राहून मेलेल्या असायच्या.

---

सावली | १२ मे, दुपारी ३:००

मी बालरुग्ण विभागात काम करते. तुम्ही सगळे बॅटरी मरण्याबद्दल बोलताय, मला ती मेल्यावर कुठे जाते याची काळजी आहे.

शिसं जवळजवळ पूर्ण परत मिळवता येतं, हा या बॅटरीचा फार मोठा गुण. पण वस्तीच्या कडेला उघड्यावर प्लेटा वितळवणाऱ्या भट्ट्यांमधून ते परत मिळवलं, तर धूर आणि राख मुलांच्या अंगात जाते. २०२० मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांचा अहवाल आला. जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं, आणि त्यातली सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलं भारतातली. शिशाला सुरक्षित अशी पातळीच नाही. मूल चिडचिडं होतं, अभ्यासात मागे पडतं, पोट दुखतं, आणि कुणाच्या ध्यानात कारण येत नाही.

२०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी उत्पादकावर जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी टाकली आहे. दारावरचा भंगारवाला दोनशे रुपये जास्त देतो म्हणून त्याला देऊ नका, ही हात जोडून विनंती. बॅटरी दोन वर्षं जास्त टिकवणं म्हणजे एक भट्टी कमी पेटणं, असं मी बघते.

---

ओसरी | १२ मे, रात्री १०:००

सावली, आधीच्या तिन्ही मी दारावरच दिल्या. पुढची डीलरला, पावती घेऊन.

मूळ प्रश्नापलीकडे एक विचारते. सोसायटीत छतावर सोलर बसवायचं चाललं आहे. मग बॅटरीची गरजच उरणार नाही ना?

---

इलेक्ट्रोड | १३ मे, सकाळी १०:३०

हा गैरसमज मोठ्या प्रमाणावर आहे. साधं ग्रिडला (वीजजाळ्याला) जोडलेलं सोलर लाईट गेली की स्वतःहून बंद होतं, भर उन्हातसुद्धा. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ते आवश्यकच आहे. सूर्यघर योजनेत पॅनेल लावलेल्या अनेकांना हे पहिल्या वादळात कळतं. लाईट गेल्यावर घर चालवायचं असेल तर बॅटरी आणि सोलर, बॅटरी, ग्रिड तिन्ही सांभाळणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो.

पण मला बॅटरीची पुढची भूमिका याहून मोठी दिसते. ३० मे २०२४ ला देशाची विजेची मागणी २५० गिगावॅटला टेकली, ती दुपारी. सोलर तेव्हा असतं. अडचण संध्याकाळी सातची. सूर्य मावळलेला, एसी-कूलर चालू, स्वयंपाक चालू. दुपारची वीज संध्याकाळी नेणं हे आता बॅटरीचं मुख्य काम होत चाललं आहे. 'लाईट गेली तर' म्हणून कोपऱ्यात बसलेली वस्तू रोजच्या कामाला लागेल. किंमत हे कारण. २०१० मध्ये लिथियम पॅक एका किलोवॅट-तासाला हजार डॉलरच्या वर होता, २०२४ मध्ये सरासरी ११५ वर आला.

आणि ओसरीताई, इथे तुमच्या बाबांची बॅटरी आठवते. रोज थोडी उतरणारी, सावलीत ठेवलेली, कुणीतरी लक्ष देणारी. ग्रिडच्या बॅटऱ्यांना नेमकं तसं आयुष्य मिळतं. स्वतःची खोली, स्वतःचं तापमान, ठरलेल्या मर्यादेइतकीच उतराई.

त्यामुळे गाडीत थकलेला पॅकसुद्धा तिथे वापरता येतो. ७०-८० टक्के क्षमता गाडीला अपुरी, घराला भरपूर. ॲमस्टरडॅमच्या योहान क्रायफ स्टेडियममध्ये २०१८ पासून लीफ गाड्यांच्या नव्या-जुन्या बॅटऱ्या मिळून ३ मेगावॅटची व्यवस्था आहे. आपल्याकडे अडचण अशी की बरेच पॅक गोंदाने भरलेले असतात, उघडताना सेल फुटतो. दुरुस्तीयोग्य रचना सक्तीची हवी. युरोपात २०२७ च्या फेब्रुवारीपासून फोनसारख्या उपकरणांची बॅटरी ग्राहकाला बदलता आली पाहिजे असा कायदा लागू होतो आहे. तसा इथे यावा असं मला मनापासून वाटतं.

---

जुना मिस्त्री | १३ मे, दुपारी २:२०

गोंदाचं वाचून वाईट वाटलं. आम्ही शिकलो तेव्हा काळ्या रबराच्या पेट्या असायच्या, वर डांबराचं सील. डांबर वितळवायचं, एक मेलेला सेल उचलायचा, नवा गट बसवायचा, परत सील. पाच चांगल्या सेलना एका खराब सेलपायी भंगारात घालत नव्हतो. प्लास्टिकच्या चिकटवलेल्या पेट्या आल्या आणि ते काम संपलं. लिथियमवाल्यांनी ती चूक पुन्हा करू नये.

---

पऱ्हाटी | १३ मे, रात्री ९:०५

माझ्या सौर पंपाला बॅटरी नाही. ऊन आहे तोवर पाणी शेततळ्यात चढवतो, रात्री उताराने सोडतो. शेततळंच माझी बॅटरी. तिला सल्फेट धरत नाही.

---

इलेक्ट्रोड | १३ मे, रात्री ९:४०

@पऱ्हाटी, हेच सह्याद्रीत घाटघरला मोठ्या प्रमाणावर चालतं. स्वस्त वीज असताना पाणी वरच्या धरणात चढवायचं, गरजेच्या वेळी खाली सोडायचं, २५० मेगावॅट. सगळी साठवण लिथियमने करायची गरज नाही. सोडियमचंही काम चालू आहे. डिसेंबर २०२३ मध्ये इथल्या केपीआयटी कंपनीने पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेबरोबर विकसित केलेलं सोडियम-आयन तंत्रज्ञान जाहीर केलं. सोडियम मिठात मिळतं, त्यासाठी कुणाच्या खाणीकडे बघावं लागत नाही. सेल जड होतो, पण कोपऱ्यात ठेवलेल्या बॅटरीला वजनाचं काय?

---

ओसरी | २६ मे, संध्याकाळी ६:३०

हायड्रोमीटर आणला. बॅटरी घरातून खाली नेऊन जवळच्या गॅरेजमध्ये कमी करंटवर दीड दिवस चार्ज केली, काकांनी व्यक्तिगत निरोपात सांगितलं तसं. खिडक्या उघड्या ठेवून, जवळ काडी न पेटवता.

आधीचे आकडे: ११९०, ११८५, ११९०, ११८०, ११९०, ११४०.
नंतरचे: १२३०, १२३०, १२३५, १२२५, १२३०, ११६५.

---

जुना मिस्त्री | २६ मे, रात्री ८:००

पाच सेल परत आले. सहावा गेला. एकटा तो नसता तर ही अजून दोन वर्षं गेली असती. आता बदलावीच लागेल. जागा बदलेपर्यंत नवी आणू नका.

---

ओसरी | ७ जून, दुपारी ४:१०

जुनी डीलरकडे दिली, पावती घेतली. नवी पुन्हा ट्युब्युलरच घेतली. लिथियमसाठी इन्व्हर्टरही बदलावा लागला असता, तो सोलर होईल तेव्हा एकदमच बघू. पत्र्याची पेटी काढून टाकली. बॅटरी आता आतल्या बोळात आहे, कूलरची हवा जाते तिथे, खाली बाबांचाच लाकडी पाट. स्विच ट्युब्युलरवर. महिन्यातून एकदा, १ तारखेला, मेन बंद करून तासभर घर तिच्यावर चालवायचं ठरवलं आहे.

काल दुपारी दोन वाजता बाहेर ४३ होतं. बॅटरीजवळ थर्मामीटर ठेवला होता, ३२.

---

जुना मिस्त्री | ७ जून, संध्याकाळी ५:००

३२ चालेल. पाणी १५ तारखेला बघा, टॉर्च घेऊन.